प्रोग्रामच्या पोटातला पत्ता

नोव्हेंबर २०२१ मध्ये भोपाळच्या हबीबगंज स्थानकाचं नाव राणी कमलापती झालं आणि त्याबरोबर रेल्वेच्या व्यवहारातला त्याचा कोड ‘एचबीजे’ऐवजी ‘आरकेएमपी’ झाला. लोकांच्या तोंडी जुनं नाव अजून चालतं. माणूस संदर्भावरून समजून घेतो. संगणकाला ती सोय नाही. अक्षरं जुळली नाहीत, तर ते स्थानक त्याच्या लेखी नाहीच. जो प्रोग्राम स्थानकांची यादी बाहेरून वाचतो, त्याचं काम अशा वेळी यादीतली एक नोंद बदलली की भागतं. ज्यात ती अक्षरं कोडमध्येच टंकलेली असतात, तो प्रोग्राम पुन्हा उघडावा, बदलावा, तपासावा आणि नव्याने चढवावा लागतो. वेब ॲप्लिकेशनं कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या पेटीत, घालून चालवण्याच्या कामात हाच भेद रोज समोर येतो. तिथे स्थानकाच्या कोडच्या जागी सर्व्हरचं नाव असतं, म्हणजे होस्टनेम. कोडमध्ये पक्कं लिहिलेलं होस्टनेम ही दिसायला क्षुल्लक पण वेळ मात्र भरमसाट खाणारी गोष्ट आहे, हे माझं मत या कामातूनच बनलं. आणि हा केवळ नीटनेटकेपणाचा मुद्दा नाही. प्रोग्राम कुठे आणि कोणत्या नावाने राहील हे लिहिणाऱ्याने ठरवायचं की चालवणाऱ्याने, हा खरा प्रश्न आहे. होस्टनेम कोडमध्ये गेलं की चालवणाऱ्याचा हा अधिकार त्याला न विचारताच संपतो.

भोपाळमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो. इथलं बरंचसं सॉफ्टवेअरचं काम राज्य शासनासाठी होतं आणि त्यात लिहिणारा व चालवणारा सहसा एक नसतो. निविदा मिळालेली कंपनी प्रोग्राम लिहिते, तो राज्याच्या डेटा सेंटरमध्ये किंवा क्लाउडवर दुसरी मंडळी चालवतात, आणि कराराची मुदत संपली की देखभाल तिसऱ्याकडे जाते. लिहिणाऱ्याने मनात गृहीत धरलेल्या गोष्टी कागदपत्रांत क्वचितच उतरतात. त्या कोडमध्येच दडून राहतात. शिवाय एकच प्रोग्राम अनेक ठिकाणी चालवण्याची गरज इथे वारंवार पडते. २०१८ मध्ये भोपाळमध्ये स्मार्ट सिटीचं नियंत्रण केंद्र सुरू झालं, तेव्हा भोपाळसह इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैन, सागर आणि सतना ही सात शहरं एकाच क्लाउड व्यवस्थेवर आणण्याची कल्पना त्यामागे होती. असं काम हाती घ्यायचं तर कोणत्याही एका शहराचा पत्ता प्रोग्रामच्या आत असून चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

कंटेनरने हा दोष निर्माण केला नाही. त्याने तो उघडा पाडला. कंटेनर चालवणारं डॉकर हे साधन २०१३ मध्ये लोकांसमोर आलं. त्याआधी सर्व्हर म्हणजे खोलीतलं एक यंत्र, त्याला एकदा नाव द्यायचं आणि ते पाचसात वर्षं टिकायचं. त्या काळात कोडमध्ये लिहिलेलं नाव चुकीचं असलं तरी ती चूक कळायला यंत्र बदलावं लागे. कंटेनरचं आयुष्य मात्र कधी काही तासांचं, कधी काही मिनिटांचं असतं. नाव दिलं नाही, तर डॉकर त्याच्या ओळखक्रमांकातली पहिली बारा अक्षरंच होस्टनेम म्हणून लावतं. कंटेनर नव्याने तयार झाला की ती अक्षरं बदलतात, आयपी पत्ताही बदलू शकतो. पूर्वी काही वर्षांतून एकदा येणारा प्रसंग आता प्रत्येक डिप्लॉयमेंटला येतो. सगळ्यांत जास्त गोंधळ ‘लोकलहोस्ट’ या नावाचा होतो. ते नाव ‘मी’ या सर्वनामासारखं आहे, ज्याने उच्चारलं त्याचा अर्थ त्याच्यापुरता. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकाच यंत्रावर असतात, म्हणून ‘लोकलहोस्ट’वर डेटाबेस सापडतो. तोच प्रोग्राम कंटेनरमध्ये गेला की ‘लोकलहोस्ट’ म्हणजे फक्त तो एक कंटेनर, आणि डेटाबेस शेजारच्या दुसऱ्या कंटेनरमध्ये. मग ‘जोडणी नाकारली’ असा संदेश येतो आणि नवखा माणूस पासवर्ड, पोर्ट, फायरवॉल अशा सगळ्या गोष्टी तपासत बसतो. दोष त्यापैकी कशातच नसतो.

याहून खोल नुकसान ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या बाबतीत होतं, आणि त्याची चर्चा फार कमी होते. रिॲक्टसारख्या साधनांनी केलेल्या ॲप्लिकेशनात सर्व्हरचा पत्ता बहुधा बिल्ड करतानाच फायलींत भरला जातो. वरवर पाहता तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आलेला दिसतो, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं की आपण नियम पाळला. प्रत्यक्षात बिल्ड पूर्ण झाल्यावर तो व्हेरिएबल कोणी वाचत नाही. पत्ता फायलीत गोठलेला असतो. कंटेनर सुरू करताना व्हेरिएबलची किंमत बदलली तरी काही होत नाही. परिणाम असा की स्टेजिंगसाठी एक इमेज, म्हणजे कंटेनर ज्यापासून सुरू होतो तो साचा, आणि प्रॉडक्शनसाठी दुसरी इमेज बांधावी लागते. कंटेनर वापरण्यामागचं मुख्य आश्वासन हेच होतं की जी इमेज तपासली, तीच जशीच्या तशी लोकांसमोर जाईल. दोन इमेज बांधल्या की ते आश्वासन मोडतं. मधल्या काळात एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदललेली असते, एखादं साधन नवं आलेलं असतं, आणि चाचणी एका वस्तूची होते, चालते दुसरीच. पक्क्या लिहिलेल्या होस्टनेमविरुद्धचा हा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण इथे नाव बदलण्याची गरज कधी पडली नाही तरी नुकसान व्हायचं ते होतंच. उपायही अवघड नाही. पान आणि त्याची सेवा एकाच डोमेनवर ठेवली, तर जावास्क्रिप्टला होस्टनेम लागतच नाही. तिरप्या रेषेने सुरू होणारा सापेक्ष मार्ग पुरतो. ते शक्य नसेल तेव्हा कंटेनर सुरू होताना एक छोटी फाईल तयार करायची आणि ब्राउझरने ती वाचायची.

होस्टनेम केवळ कोडमध्ये शिरतं असंही नाही. वर्डप्रेसवर चालणारी असंख्य संकेतस्थळं आपल्याकडे आहेत, कार्यालयांची, महाविद्यालयांची, मराठी मंडळांची. वर्डप्रेस आपला पत्ता डेटाबेसच्या एका तक्त्यात दोन नोंदींत ठेवतं, आणि लेखांमधल्या चित्रांचे दुवेही पूर्ण पत्त्यासह साठवतं. कंटेनर नव्या नावाने सुरू केला की पान उघडतं आणि लगेच जुन्या पत्त्याकडे पळतं. मग कोणीतरी डेटाबेसमध्ये शोधा-आणि-बदला चालवतं, आणि दुसरं संकट उभं राहतं. वर्डप्रेसची बरीच सेटिंग्ज पीएचपीच्या क्रमबद्ध स्वरूपात असतात. त्यात प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. ‘एचटीटीपी’पासून पोर्टपर्यंतचा २१ अक्षरांचा लोकलहोस्टचा पत्ता काढून तिथे ३० अक्षरांचा घातला आणि लांबीचा आकडा २१च राहिला, तर पीएचपी ती नोंद वाचूच शकत नाही. पानावरची विजेट्स, थीमची मांडणी अचानक नाहीशी होते आणि चूक म्हणून काही दिसतही नाही. ही लांबी सांभाळून बदल करणारी आज्ञा वर्डप्रेसच्या आज्ञावली साधनात आहे, ती वापरावी. आणि पत्ता कॉन्फिगरेशन फाईलमधल्या स्थिरांकांतून, तेही बाहेरून दिलेल्या किमतीवरून घ्यावा. पण यातून दिसतं ते असं की नाव एकदा आत शिरलं की ते कुठेकुठे झिरपेल याचा अंदाज लिहिणाऱ्यालाही नसतो.

इथे एक भेद केला नाही तर माझं म्हणणं अतिरेकी ठरेल. प्रत्येक नाव कोडबाहेर काढा असं मी म्हणत नाही. काही नावं काम सांगतात आणि काही ठिकाण सांगतात. अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोझच्या फाईलमध्ये डेटाबेसच्या सेवेला ‘डीबी’ म्हटलं, तर त्याच नेटवर्कवरचे इतर कंटेनर तिला त्याच नावाने हाक मारू शकतात. डॉकरच्या आतला छोटा डीएनएस सर्व्हर त्या नावामागचा चालू पत्ता सांगतो. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमधल्या सर्व्हिसचं नावही याच जातीचं. हे नाव कामाचं आहे. डेटाबेस उद्या दुसऱ्या यंत्रावर गेला तरी ते खोटं ठरत नाही. अशी नावं मूळ किंमत म्हणून लिहायला माझी हरकत नाही. ठिकाणाचं नाव मात्र विषासारखं वागवावं. अनेक स्क्रिप्ट्स याच भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे मोडल्या: कंपोझच्या दुसऱ्या आवृत्तीने कंटेनरच्या नावात अधोरेषेऐवजी संयोगचिन्ह वापरायला सुरुवात केली, आणि ज्यांनी सेवेचं नाव सोडून कंटेनरचं पूर्ण नाव स्क्रिप्टमध्ये घातलं होतं त्यांची बॅकअपची कामं थांबली. कामाचं नाव वापरलं तरी ते कधी विचारायचं हेही बघावं लागतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत मागच्या सेवेचं नाव सुरू होताना एकदाच सोडवलं जातं आणि मिळालेला आयपी पत्ता धरून ठेवला जातो. मागचा कंटेनर नव्या पत्त्यावर आला की एनजिनएक्स जुन्याच दारावर ठोठावत राहतं आणि लोकांना ५०२ हा चुकीचा संदेश दिसतो. म्हणजे नाव बरोबर लिहूनही पत्ता पक्का झालाच. संदेश वाहून नेणाऱ्या काफ्काच्या बाबतीत उलट बाजूने हेच घडतं: काफ्का स्वतःचा पत्ता ग्राहकाला कळवतं, आणि तो पत्ता कंटेनरच्या आतच अर्थपूर्ण असेल तर बाहेरच्या ग्राहकाची पहिली जोडणी यशस्वी होते आणि पुढच्या सगळ्या फसतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की आमचं डोमेन कधी बदलणार नाही, मग ही उठाठेव कशाला? याला उत्तर म्हणून गेल्या काही वर्षांतला भारतातला अनुभव पुरेसा आहे. शासनाच्या कितीतरी विभागांची संकेतस्थळं ‘एनआयसी डॉट इन’वरून ‘जीओव्ही डॉट इन’वर गेली. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या डोमेनवर जायला सांगितलं. फसवणुकीच्या बनावट पत्त्यांना आळा घालणं हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच होता. पण त्या क्षणी बँकेचं जुनं नाव कोडमध्ये बाळगणारा प्रत्येक फी भरण्याचा, कर भरण्याचा, वीजबिलाचा प्रोग्राम संकटाच्या टप्प्यात आला. अशा वेळी कोणी म्हणेल की जुन्या नावावरून नव्याकडे वळवलं की झालं. ब्राउझरच्या साध्या पानासाठी ते पुरतं. सर्व्हरने सर्व्हरला पाठवलेल्या पोस्ट विनंतीसाठी नेहमी पुरत नाही, कारण ३०१ किंवा ३०२ ने वळवलेली पोस्ट विनंती अनेक प्रोग्राम गेट म्हणून पुढे पाठवतात आणि आतला मजकूर गळून पडतो. नाव बदलण्याचा निर्णय अनेकदा त्या कार्यालयाचाही नसतो. तो दिल्लीत, मुंबईत किंवा मंत्रिमंडळात होतो. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल ‘कधी बदलणार नाही’ असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे. तो म्हणतो, पत्ता लिहूच नका आणि बाहेरून देऊही नका. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर होस्टचं नाव पाठवतोच, तेच वापरा. ऐकायला हे सर्वांत लवचीक वाटतं, पण ते धोक्याचं आहे. ते नाव पाठवणाऱ्याच्या हातात असतं. पासवर्ड विसरलेल्या माणसाला जाणारा दुवा प्रोग्राम या नावावरून बनवत असेल, तर हल्लेखोर दुसऱ्याच्या खात्यासाठी विनंती करताना तिथे स्वतःचं डोमेन घालू शकतो. खातेदाराला खरा ईमेल येतो, आतला दुवा मात्र चोराच्या दाराकडे जातो. जँगो या वेब फ्रेमवर्कने २०१३ मध्ये मान्य होस्टनेमांची यादी सक्तीची केली ती याच कारणाने. शिवाय रात्री आपोआप चालणाऱ्या कामांपुढे कोणतीही विनंती नसते. शुल्काची आठवण करणारा ईमेल पाठवताना नाव घ्यायचं कुठून? आणि मधे प्रॉक्सी असेल तर आतल्या कंटेनरला दिसणारं नाव आतलंच असू शकतं, मग नागरिकाच्या ईमेलमध्ये ‘बॅकएंड’ आणि ८०८० अशी अक्षरं असलेला दुवा जातो. म्हणून सार्वजनिक नाव चालवणाऱ्याने स्पष्टपणे सांगायचं आणि प्रोग्रामने आलेलं नाव त्याच्याशी ताडून पाहायचं, हाच सुरक्षित मार्ग.

तिसरा आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो. पूर्वी नाव कोडमध्ये होतं, शोधलं की सापडत होतं. आता ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, कंपोझच्या फाईलमध्ये, कोणत्यातरी गुप्त कप्प्यात आणि क्लाउडच्या पॅनेलवर असं चार ठिकाणी विखुरलं, आणि कोणतं खरं हे कोणालाच सांगता येत नाही. ही तक्रार खरी आहे. हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी मांडलेल्या बारा सूत्रांमध्ये कॉन्फिगरेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवण्याचं सूत्र आहे. ते अनेकांनी उचललं, पण त्याबरोबर येणारी शिस्त उचलली नाही. विखुरलेलं कॉन्फिगरेशन पक्क्या लिहिलेल्या नावापेक्षा वाईट ठरू शकतं, हे मी मान्य करतो. मात्र त्याचा उपाय मागे जाणं नाही. प्रोग्रामने लागणारी सगळी नावं सुरुवातीलाच एका जागी वाचावीत, त्यांचा आकार तपासावा, आणि एखादं नाव नसेल तर ते नाव सांगून सुरू व्हायला नकार द्यावा. इथे मी अजिबात तडजोड करत नाही: नाव मिळालं नाही म्हणून मुकाट्याने ‘लोकलहोस्ट’ धरणारा प्रोग्राम पक्क्या नावाच्या प्रोग्रामहूनही घातक असतो, कारण तो सुरू होतो, निरोगी दिसतो, आणि पहिल्या नागरिकाने अर्ज भरल्यावरच कोसळतो.

हाताशी असलेली मलमपट्टी म्हणजे होस्ट्‌स फाईल. प्रत्येक यंत्रावर किंवा कंटेनरमध्ये जुनं नाव नव्या पत्त्याला जोडणारी एक ओळ घालायची आणि कोडला हात लावायचा नाही. रात्रीतून सेवा उभी करायची असेल तर ही ओळ घालावी. पण ती तिथेच राहिली, तर प्रमाणपत्रावरचं नाव आणि मागितलेलं नाव जुळेनासं होऊन कोणीतरी टीएलएसची तपासणीच बंद करतं. शिवाय हा रस्ता इतिहासात एकदा चालून संपलेला आहे. इंटरनेटच्या पूर्वजाळ्यात साऱ्या यंत्रांची नावं एकाच फाईलमध्ये असत आणि ती फाईल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून सगळीकडे उतरवून घेतली जाई. जाळं वाढलं तशी ती पुरेना, म्हणून पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. आपल्याकडच्या ‘.इन’ या डोमेनची जबाबदारी १९८९ मध्ये मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती, २००५ मध्ये ती निक्सी या संस्थेकडे गेली. वापरणाऱ्याला टंकायचं नाव मात्र बदललं नाही. नाव आणि पत्ता वेगळे ठेवण्याचा फायदा तो हाच.

राहिला शेवटचा आक्षेप, जो तत्त्वाचा आहे: चांगला पत्ता बदलूच नये. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये हेच आग्रहाने मांडलं होतं, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. दाखल्यावर छापलेल्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण पत्ता असतो. तो कागद घरातल्या कपाटात वर्षानुवर्षं राहतो, आणि पोर्टलने नाव बदललं तर खरा दाखला खोटा दिसू लागतो. एसएमएसमध्ये जाणारे दुवे तर ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या नियमानुसार आधी नोंदवावे लागतात, न नोंदवलेला दुवा असलेला संदेश पोचतच नाही. म्हणजे लोकांना दिलेलं नाव हे वचन आहे. पण ते वचन पाळण्याची जागा दारावर आहे, जिथे जुनी नावं वर्षानुवर्षं जिवंत ठेवता येतात. आतला कोड त्या नावाला जखडला की दारावरही काही करता येत नाही, आणि मग वचनच मोडतं. बाहेरचं नाव टिकावं असं ज्याला वाटतं, त्याने आतला कोड त्यापासून मोकळाच ठेवायला हवा.

भोपाळमध्ये सॉफ्टवेअर स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि निविदेचा मसुदा लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. स्वीकृती चाचणीत एक अट घाला: पुरवठादाराने दिलेली तीच इमेज, पुन्हा न बांधता, पूर्णपणे वेगळ्या डोमेनवर चालवून दाखवावी, लॉगिन व्हावं, पासवर्डचा ईमेल यावा, दाखल्याचा क्यूआर कोड उघडावा, आणि जुन्या नावाकडे एकही विनंती जाऊ नये. या चाचणीला एक दुपार पुरते. जो प्रोग्राम तिच्यात उत्तीर्ण होत नाही, त्याचं अंतिम देयक मंजूर करू नका.